विमानाला घोळ लपवायची असते काय?

बंदरावर सुकट निवडायला बसलं की हात कचरा काढतात आणि तोंडं किस्से काढतात. कचरा वाऱ्यावर जातो, किस्से साठत राहतात. आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर तर एकट्या डब्याचेच किती साठलेत!

डबा म्हणजे बोटीवर बसवायचं नवं मशीन. बोट कुठे आहे ते मच्छीखात्याच्या हापिसातल्या पडद्यावर दिसतं. साहेब समजवायला आले. "विमानांनापण असंच मशीन असतं. कोण कुठे ते खाली दिसतं, म्हणून टक्कर होत नाही."

बोट हाकणारा आमचा म्हातारा तांडेल दामूदादा म्हणाला, "सायेब, विमानाला घोळ लपवायची असते काय?"

सगळे हसले. साहेबपण हसले. त्यांना कळलंच नाही! घोळीसारखा महाग मासा लागला की ती जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही, ही आमची रीत.

दुसऱ्याच दिवशी दामूदादानं डब्यावर ओलं गोणपाट टाकलं. त्याची सून म्हणाली, "बाबा, त्याला ऊन लागतं काय?"

"नाय गो, त्याचे डोळे झाकले!"

माझी जाऊ यमुना भाविक. नारळी पुनवेला तिनं डब्यावर नारळ फोडला. डबा बंद! बोईसरहून मेकॅनिक आला. "अम्मा, इसको नारियल क्यों पिलाया?"

यमुना म्हणते, "दर्याला चालतो, याला काय झालं?"

डब्याला संकटाचं लाल बटण होतं. आमचे लोक बर्फ संपला तरी ते दाबायचे! मग किसनचं इंजिन भर समुद्रात खरंच बंद पडलं. त्यानं बटण दाबलं, तर हापिसातून त्याच्या बायकोला फोन, "ताई, बर्फ संपला असेल." दुसऱ्या बोटीनं ओढत आणला त्याला.

तेव्हा मी माझ्या हरेशला शपथ घातली, "लोकांना हसू दे. तू डबा काढायचा नाय."

"नाय काढत गो आये."

मग एका दुपारी वारं फिरलं. सगळ्या बोटी परतल्या, हरेशची नाही. माझ्या सुनेनं, वैशालीनं, हापिसात फोन लावला, स्पीकरवर टाकला नि माझ्या हातात दिला.

"आजी, रडू नका! हरेशची बोट दिसतेय की. वादळात नाहीच ती. किनाऱ्याला लागलीय, अगदी तुमच्या आळीत!"

जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं नाही वाजवल्या. ती घरात धावली, मी मागोमाग. तिनं माळ्यावरचं जुनं जाळं ओढलं. खाली डबा, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

फोन चालूच होता. "हॅलो, आजी? आता पेढे कधी?"