बोर्डात आलेली पत्र्याची खोली

माझी थोरली मुलगी संगीता बारावीला बोर्डात आली आणि त्याचं सगळं श्रेय वाचनालयाच्या पंख्याला मिळालं. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. संगीता आता डॉक्टर आहे, तिच्या दवाखान्यात एसी आहे, लोक सगळं विसरले. मी विसरलेलो नाही. तो पंखा सापडला तर मी आजही त्याला उतरवून भंगारात घालीन, तेही भाव न करता.

मी देवणीचा. बैलांची दलाली करतो. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं शिक्षण बाजारात झालं. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा आणि तोंडानं फक्त पावसापाण्याचं बोलायचं, हा आमचा धंदा. चालताना बैलाचा एक खूर जरा दबकत पडला तर मला पाठमोऱ्यानं कळतं. डोकं लवकर तापतं, हे खरं. पण मी कधी तोट्याचा सौदा केला नाही. एक सोडून.

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. लातूरला गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि दर दुसऱ्या घरावर विद्यार्थ्यांसाठी खोलीची पाटी होती. संगीताला दहावीला चांगले मार्क पडले. माझा मेव्हणा नांदेडला मास्तर. तो म्हणाला, पोरीला नांदेडला पाठवा, माझ्या घरी राहील. मेव्हण्यानं नांदेड सांगितलं, म्हणून मी लातूर ठरवलं.

माझी अट एकच होती. पोरीच्या डोक्यावर स्लॅब नको. भूकंपाच्या पहाटे जमीन हलली तेव्हा आमच्या घरातून सगळ्यात आधी बाहेर पडलो मी. गोठ्यातले चारही बैल सोडले, मोकळ्या जागेत नेऊन बांधले, आणि मग मला आठवलं की संगीता आत आहे. (घराला काही झालं नाही. ती तर जागीही झाली नव्हती. पण बायको ही गोष्ट वर्षातून दोनदा सांगते. पाहुणे असले तर तीनदा.) तेव्हापासून संगीता स्लॅबखाली झोपलेली दिसली की मला झोप लागत नसे.

संगीताला घेऊन खोली बघायला गेलो, तर मेव्हणाही आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. घरमालकीण उंच, कमी बोलणारी बाई. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्याकडं दोन खोल्या रिकाम्या होत्या. माडीवर स्लॅबची, खिडकी आणि पंखा असलेली. खाली अंगणाच्या कडेला पत्र्याची, ताजा चुना मारलेली.

"दाजी, वरची घ्या. पंखा आहे," मेव्हणा म्हणाला.

"पत्रा पडला तर खोक पडंल. स्लॅब पडला तर काय पडंल ते सांग, मास्तर."

मी पत्र्याची खोली बैल तपासावा तशी तपासली. भिंती ठोकल्या, दार हलवून बघितलं. कोपऱ्यात एक जाड खुंटा रोवलेला होता. अक्का म्हणाल्या, कपड्यांची दोरी बांधायला. भिंतीला लागून माणूसभर लांब, बुटकं, दगडी असं काहीतरी बांधलेलं होतं, आत स्वच्छ पेपर अंथरलेला. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, पुस्तकं ठेवायला. मला ते इतकं आवडलं, की समोरच्या भिंतीलाही असंच एक बांधून द्या, असं मी घासाघीस करताना मध्येच घातलं.

"न्हाई जमत," अक्का म्हणाल्या. "एकच म्हैस..." आणि थांबल्या. "एकच मुलगी राहणार ना?"

मला ते पटलं.

भाडं वरच्या खोलीइतकंच सांगितलं त्यांनी. माझं डोकं तापलं आणि हात सवयीनं गेला. उपरणं हातावर टाकून मी तो अक्कांपुढं केला. त्यांनी आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ, हात आत घ्या. माणसं बघायलेत."

मेव्हणा आभाळाकडं बघू लागला. शरमलेल्या माणसाला भाव करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी रोज एक बादली जास्त पाणी मिळवलंच. निघताना अक्कांना म्हटलं, "आता मला घरी झोप लागंल." आणि रस्त्यावर आल्यावर मेव्हण्याला ऐकवलं, "असा सौदा करतेत."

त्यानंतर संगीताची कार्डं येऊ लागली. खोली चांगली आहे, सकाळपासून वाचनालयात असते. पावसाळ्यातही वाचनालयात, थंडीतही वाचनालयात. मी भेटायला गेलो तरी ती वाचनालयाच्या पायरीवरच भेटायची आणि दहा मिनिटांत आत पळायची. मी ती कार्डं खिशात घालून बाजारभर दाखवली. पोरीला अभ्यासाची गोडी कशी लावावी, यावर मी बैल विकत घ्यायला आलेल्या माणसांना फुकट सल्ले दिले.

ती बोर्डात आली तेव्हा क्लासवाल्यांनी सत्कार ठेवला. समोर अकरावीची नवी पोरं, मागं त्यांचे आईबाप. यशस्वी विद्यार्थ्यांनी, आपण कशासाठी शिकलो ते सांगायचं आणि नव्यांना सल्ला द्यायचा. मी नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. आईबापांचं नाव घेतलं की उठून हात जोडायचे, हे मी घरी करून बघितलं होतं.

एकानं देशसेवा सांगितली. एकानं आईचे कष्ट सांगितले, आई रडली. भूकंपात पडलेल्या गावचा एक मुलगा म्हणाला, आमच्या गावात डॉक्टर नव्हता, म्हणून. एवढंच बोलून बसला. मग संगीता उठली. मी फेटा सारखा केला.

"मी पंख्यासाठी शिकले," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. खोलीवर पत्रे. उन्हाळ्यात भट्टी, पावसात आपलाच आवाज ऐकू येत नाही, थंडीत बर्फ. वाचनालयात पंखा एकच, त्याच्या खाली खुर्ची एकच. ती मिळवायला कुलूप उघडायच्या आधी दारात उभं राहायचं. पुस्तक मिटलं की ग्रंथपाल उठवायचे, डुलकी लागली की टेबलावर पट्टी आपटायचे. मग दिवसभर वाचण्याशिवाय करणार काय?

"नव्या मुलांना एवढंच सांगते, झोप लागणार नाही अशी खोली बघा. क्लास कोणताही चालेल."

स्टेजवर क्लासवाल्यांचे चेहरे उतरले. सूत्रसंचालकानं हसत विचारलं, इतकी छान खोली शोधली कुणी?

"अण्णांनी. म्हशीचा गोठा होता तो. खुंटा होता, गव्हाण होती. अण्णा वीस वर्षं बैलांच्या बाजारात आहेत."

हॉल कोसळला. लातूरकरांना इतकं हसताना मी पुन्हा बघितलं नाही. मी मात्र आईबापांचा उल्लेख झाला म्हणून सवयीनं उठून हात जोडून उभा होतो. मेव्हण्यानं तोंडात रुमाल कोंबला, तरी तो हलत होता.

परतीच्या एसटीत उदगीर येईपर्यंत मी फेट्याची घडी घालत बसलो. मग विचारलं, "खोली बदलून मागायची न्हाई का?"

"मागणार होते," संगीता म्हणाली. "पण तुम्ही अक्काला म्हणाला होता ना, आता घरी झोप लागंल. म्हटलं, राहू द्या."

ती खिडकीबाहेर बघत होती. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघितलं. देवणी आल्यावर मात्र माझं डोकं पुन्हा तापलं. हे एवढं वाक्य स्टेजवर म्हणायला काय झालं होतं?

पुढं धाकट्या प्रकाशला घेऊन मी अक्कांकडं गेलो. पत्र्याच्या खोलीसाठी दारात पार भोकरहून आलेले आईबाप उभे होते. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही आपले माणूस, वरची पंख्याची खोली निम्म्या भाड्यात घ्या. समोरचा माणूस आपणहून निम्म्यावर येतो, याचा अर्थ मालात खोट आहे, हे मला चौथीपासून ठाऊक आहे. मी पत्र्याचीच घेतली. संगीताच्या वेळेपेक्षा दुप्पट भाड्यात, बादलीचं पाणी सोडून देऊन.

प्रकाश वाचनालयात एकदाही गेला नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला शोध लागला की दगडी गव्हाण उन्हाळ्यातसुद्धा गार असते. त्यानं पुस्तकं बाहेर काढली, आत अंथरूण घातलं आणि दोन वर्षं तिथं झोपला.

त्याचा निकाल लागला. या वेळी मात्र बायकोनं, मेव्हण्यानं, अक्कांनी आणि खुद्द प्रकाशनं, सगळ्यांनी एकमतानं सगळं श्रेय मला दिलं.