भावोजींचा उजवा खांदा

आमच्या भावोजींना तुम्ही पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. गेल्या एकतीस वर्षांत तुम्ही एकदा जरी सिनेमाला गेला असाल, तरी पडदाभर एखादी नायिका रडत असताना खाली डाव्या कोपऱ्यात एक काळपट, गोलसर, किंचित उतरता डोंगर तुम्हाला दिसला असेल. तो डोंगर म्हणजे भावोजींचा उजवा खांदा. वर अर्धा कान दिसला, तर दिग्दर्शक उदार होता असं समजावं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिनेमात ते बाप, हेडमास्तर, पोस्टमन आणि डॉक्टर असतात. डॉक्टर झाले की चष्मा काढून मान हलवतात आणि पेशंट दगावतो. माणूस इतका गरीब, की रोज हिशेबात चूक करणाऱ्या दूधवाल्याशी बोलताना आवाजात अपराधीपणा असतो, तोही भावोजींच्याच.

आता खांद्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. सिनेमात दोन माणसं बोलत असली, की ते बोलणं पुन्हा पुन्हा चित्रित करतात. एकदा कॅमेरा याच्या खांद्यामागून त्याच्याकडे बघतो, एकदा त्याच्या खांद्यामागून याच्याकडे. शेवटी एकट्याचाच चेहरा जवळून घेतात. त्या वेळी समोरच्याचा खांदाही दिसत नाही. फक्त त्याने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात, म्हणजे चेहरेवाल्याला उत्तर द्यायला कुणीतरी असतं. यात कसलंच नाव नाही, त्यामुळे मोठी मंडळी या वेळी चहा प्यायला जातात आणि त्यांची वाक्यं एखादा सहाय्यक कागदावरून वाचतो. भावोजी एकतीस वर्षांत कधीही चहाला गेले नाहीत. जे कॅमेऱ्यासमोर करायचं तेच, किंबहुना जरा जास्तच, ते कॅमेऱ्याशेजारी उभं राहून करतात. स्टुडिओत त्यांना 'भिंत' म्हणतात ते यावरूनच.

परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांच्यासमोर उभं राहून रडलेल्या, ओरडलेल्या आणि माफी मागितलेल्या सात जणांना सिनेसृष्टीतलं ते मोठं बक्षीस मिळालं. सात! ताई बोटांवर मोजून दाखवते. भावोजींना बक्षीस सोडाच, साधं यादीत नावही नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक काचेचं कपाट आहे. वरच्या खणात कपबश्या, खालच्या खणात लेकीने शाळेत धावून मिळवलेला कप. मधला खण रिकामा. तिथे भावोजींची बक्षिसाची बाहुली येणार होती. वर्तमानपत्रातल्या फोटोत ती कुण्या नायकाच्या हनुवटीला लागत होती, त्यावरून ताईने उंचीचा अंदाज बांधला आणि सुताराला बोलावून वरची फळी चार बोटं उचलून घेतली. कपबश्या तेव्हापासून वाकून बसतात.

ताईची थोरली जाऊ नवीन सिनेमा लागला, की पहिल्याच आठवड्यात बघून येते. केवळ फोन करता यावा म्हणून.

"बघितला गं सिनेमा. भावजींचा खांदा या वेळी जरा उतरल्यासारखा वाटला. तब्येत बरी आहे ना?"

ताई फोनवर गोड बोलते आणि मग दोन दिवस घरातली भांडी जोरात वाजतात.

एकदा मटार सोलताना तिने मला विचारलं, "खरं सांग. ते चांगले नट आहेत ना रे?"

मी उडालोच. "ताई, एकतीस वर्षं तू सगळ्या जगाशी भांडतेयस आणि मला विचारतेस?"

"भांडतेय म्हणूनच विचारतेय. मला तरी कुठे काय दिसलंय? मी नुसता खांदा बघून भांडते." मग शेंगा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "सोल. आणि हे कुठे बोलू नकोस."

बाहुली तिला शोभेसाठी नको होती, हे मला तेव्हा कळलं. आपण आयुष्यभर ज्या माणसाची बाजू घेतली, ती खरी होती की नुसती बायकोची माया, हे कुणीतरी जाणकाराने तिला सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी तो योग आला. एका सिनेमात भावोजींना सायकल दुरुस्त करणाऱ्या बापाचं काम मिळालं. घर सोडून गेलेली मुलगी सहा वर्षांनी परत येते. तिचं पत्र हा बाप ट्यूबला ठिगळ लावता लावता वाचतो, तेव्हा पडद्यावर अडीच मिनिटं फक्त भावोजींचा चेहरा! ताईने ती अडीच मिनिटं पाच वेळा पाहिली. दिग्दर्शकाने हट्ट धरून सहाय्यक भूमिकेच्या बक्षिसासाठी भावोजींचं नाव पाठवलं. नियम एवढाच, की नावाबरोबर तीन मिनिटांचा एक तुकडा पाठवायचा. परीक्षक तेवढाच बघणार.

ताई भाजी आणायला खाली गेली असताना निर्मात्याच्या ऑफिसातून फोन आला. कुठला तुकडा पाठवू? भावोजींनी विचार केला आणि सांगून टाकलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा चौकशी चालू होती.

"पत्राचाच सांगितलात ना?" ताईने विचारलं.

"छे गं. ती परत येते, दारात उभी राहते, तो."

"अहो, त्यात तुम्ही कुठे दिसता?"

"दार उघडतो की."

"आणि मग?"

"मग आहे की मी. समोरच आहे."

"पाठमोरे!"

"पण सीन काय झालाय!" भावोजींचे डोळे चमकले. "पोरीने कमाल केलीय. त्यांनी विचारलं, सगळ्यात चांगला सीन कुठला. आता खोटं कसं सांगणार?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला फोन केला, तर तुकडा गेलेला होता.

महिन्याने याद्या आल्या. सहाय्यक भूमिकेत भावोजी नव्हते. पण नवोदितांच्या यादीत त्या मुलीचं नाव होतं, जे कुणी पाठवलंच नव्हतं! एक परीक्षक दिग्दर्शकाला म्हणाले म्हणे, "ज्यांचं काम बघायचं ते गृहस्थ काही दिसेनात. मग त्या मुलीकडे बघत बसलो, आणि नजर हलेना."

समारंभ आम्ही ताईकडे टीव्हीवर पाहिला. जाऊबाई मुद्दाम आल्या होत्या. खालच्या मजल्यावरचा न्हावीही बिस्किटाचा पुडा घेऊन आला होता. मुलीचं नाव पुकारलं आणि तो तुकडा दाखवला.

"हे बघा भावजी!" जाऊबाई टीव्हीवर बोट टेकवून म्हणाल्या. "इथे, खाली."

"मानेवरचे केस मीच साफ केलेत," न्हावी अभिमानाने म्हणाला. "एक केस वाकडा दाखवा."

मुलगी स्टेजवर आली. आईचे आभार मानले, दिग्दर्शकाचे मानले, शाळेतल्या बाईंचे मानले, आपल्या कुत्र्याचे मानले, आणि मग वेळ संपल्याची वाद्यं सुरू झाली. भावोजींचं नाव नाही. भावोजी इकडे टाळ्या वाजवतायत! ताईने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली नाहीत. ते जास्त वाईट होतं.

पंधरा दिवसांनी दुपारी मी ताईकडे असताना दारावर टकटक झाली. तीच मुलगी. तीन जिने चढून धापा टाकत होती.

"काका, एक काम होतं." ती खुर्चीच्या टोकावर बसली. तिच्या नव्या सिनेमात मोठा नट तिचा भाऊ झाला होता. भाऊ बहिणीला दवाखान्यातून घरी न्यायला येतो, ती नाही म्हणते. नटाने आपला भाग उरकला आणि तो आपल्या गाडीत जाऊन झोपला. त्याची वाक्यं तिसरे सहाय्यक वाचून दाखवतात, आगगाडीची वेळ सांगावी तशी. "अकरा वेळा केलं, काका. डोळ्यांत पाणीच येत नाही. उद्याही नाही जमलं तर सीन कापणार म्हणालेत. तुम्ही समोर उभे राहाल? म्हणजे... दिसणार नाही तुम्ही. नावही नाही येणार."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "त्या दिवशी कुत्रा बरा आठवला तुला."

मुलगी रडवेली झाली. "काकू, कागदावर पहिलं नाव काकांचंच लिहिलं होतं. कागद पर्समध्ये राहिला. तिथे उभं राहिल्यावर काही सुचेना, कुत्रा तोंडात आला."

ताईचा यावर विश्वास बसला नाही. खरं म्हणजे माझाही नाही.

"अजिबात जायचं नाही," ताई वळून म्हणाली. "ऐकलंत का?"

भावोजी शर्टाची बटणं लावून चपला शोधत होते.

"काका, उद्या आहे," मुलगी म्हणाली.

"हो का?" म्हणून भावोजींनी बटणं काढायला घेतली.

ताईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "उद्या मी पण येणार. बघतेच कसं राबवून घेतात ते." आणि मला म्हणाली, "तू पण चल. भांडण झालं तर माणूस लागेल."

एकतीस वर्षांत ताई कधी शूटिंगला गेली नव्हती. पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये प्लायवूडचा दवाखाना उभा केला होता. जमिनीवर वायरींचं जाळं. आत शिरतो न शिरतो तोच कुणीतरी ओरडलं, "भिंत आली का?"

"कोण भिंत?" ताईने बाह्या सरसावल्या.

पिकल्या केसांचे कॅमेरामन पुढे आले. "वहिनी, रागावू नका. भिंतीवर चेंडू जितका जोरात मारावा, तितक्याच जोरात परत येतो. आम्ही त्या अर्थाने म्हणतो." मग त्यांनी ताईला नीट न्याहाळलं. "तुम्ही यांना काम करताना पाहिलंय?"

"सगळे सिनेमे पाहिलेत."

"म्हणजे नाही पाहिलं," ते म्हणाले. "इथून पाठच दिसेल. तिकडे त्या खांबाच्या आड खुर्चीवर बसा."

ताई दवाखान्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली, मांडीवर डब्याची आणि चहाच्या थर्मासची पिशवी घेऊन. मी कॅमेऱ्यामागे राहिलो. भावोजी जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीच्या फुलीवर उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला. मला दिसत होता तो नेहमीचा काळपट, उतरता डोंगर. त्याच्यापलीकडे बाकावर बसलेली मुलगी, आणि खांबाशेजारी माझी बहीण, भांडायला सज्ज.

सुरू झालं.

"घरी चल," भावोजी म्हणाले. थोरला भाऊ म्हणतो तसं, जरा दरडावून.

"नाही येणार."

"घरी चल," ते पुन्हा म्हणाले, आणि आवाजातला थोरलेपणा कुठेतरी गळून पडला. मुलीची हनुवटी हलायला लागली.

मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं, मला माहीत नाही. मला फक्त खांदा किंचित खाली आलेला दिसला. शेडमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग अगदी हळू, मागायचा हक्क नसलेली गोष्ट मागावी तसं, ते तिसऱ्यांदा म्हणाले, "घरी चल."

मुलीचे डोळे भरून वाहायला लागले. आणि त्याच क्षणी खांबामागून आमची ताई उठली, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. सरळ कॅमेऱ्यासमोरून, दवाखाना ओलांडून, भावोजींकडे.

"कट! अहो बाई!" दिग्दर्शक किंचाळला.

ताई मध्येच थांबली. आपण कुठे आहोत, हे तिला हळूहळू कळलं. गाल ओले होते, तेही तिला तेव्हाच कळलं असावं.

"काय गं," भावोजी चष्मा लावत काळजीने म्हणाले, "बरं वाटत नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरी चल," ताई म्हणाली.

कॅमेरामन हसत सुटले. मुलगी रडता रडता हसली. भावोजी ओशाळले आणि म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा करू." आणि पुन्हा केलं, तसंच्या तसं. या वेळी ताईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती, आणि मी मुलीकडे बघतच नव्हतो. सीन त्याच झटक्यात झाला.

परतताना भावोजी डबा घेऊन पुढे चालले होते. मी ताईला हळूच विचारलं, "काय केलं गं त्यांनी? मला पाठच दिसली."

"तुला काय कळणार सिनेमातलं!" ताई म्हणाली.

घरात पाऊल टाकतो तोच फोन वाजला. जाऊबाईंना बातमी कुठून लागते, देव जाणे. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"शूटिंगला गेली होतीस म्हणे! मग, भावजी दिसणार का गं या सिनेमात?"

ताई ताठ उभी राहिली. तिकडे भावोजी थर्मास कुठे ठेवावा म्हणून जागा शोधत होते. तिने कपाटाच्या मधल्या खणाकडे बोट दाखवलं.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "अजिबात दिसणार नाहीत. खांदासुद्धा नाही."

भावोजींनी थर्मास मधल्या खणात ठेवला. उंचीला अगदी बेताचा बसला.