पेन्सिलीने लिहिलेला भाव

माझ्या आत्याच्या कानावर कायम एक पेन्सिल असते. झोपताना काढून ठेवते असं ती म्हणते, माझा काही विश्वास नाही. शाळेसमोरच्या गल्लीत तिचं वह्या-पेनांचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच तो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरकावं लागतं. पण त्या बोळात छतापर्यंत फळ्या आहेत, फळ्यांवर वह्या, कंपासपेट्या, रंगपेट्या, डिंकाच्या बाटल्या खच्चून भरलेल्या आहेत, आणि प्रत्येक वस्तूवर कुठल्यातरी कोपऱ्यात आत्याने बारीक अक्षरात भाव लिहिलेला आहे. वहीच्या शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे. कंपासपेटीच्या झाकणाआत जो कागद असतो त्यावर. गल्लीत तिला सगळे पेन्सिलबाई म्हणतात, आणि तिच्या तोंडावर म्हणतात.

या लिहिण्यामागे तिचा एक जुना राग आहे. ती लहान असताना त्यांच्या घराजवळचा दुकानदार गिऱ्हाईकाचे कपडे बघून भाव सांगायचा. शेजारणीला एक, हिला दुसरा. ते तिच्या मनात असं रुतून बसलं की स्वतःचं दुकान टाकल्यावर तिने ठरवलं, भाव तोंडाने सांगायचाच नाही. माल आला की ती जमिनीवर फतकल मारून बसते आणि एकेका वस्तूवर भाव टाकते. कर, नफा, सगळं धरून एकच आकडा. एकदा लिहिला की त्यात बदल नाही. कुणी घासाघीस करायला लागलं की ती वही उलटी करून त्याच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "माझ्याशी काय भांडता? वहीला विचारा."

मी हिशेबनीस. लोकांची करविवरणं भरते. आत्याचं विवरणही साहजिकच माझ्याच गळ्यात आहे. मेहनताना म्हणून ती मला पेनं देते, आणि त्यातली निम्मी उठत नाहीत. पण आत्याला नाही म्हणायची आमच्या घराण्यात कुणाची टाप नाही.

दुकानात एक स्टूल आहे. ते समोरच्या शाळेतल्या बाईंचं. म्हणजे आत्याचंच, पण त्यावर दुसरं कुणी बसत नाही. शाळा सुटली की बाई येतात, पर्स मांडीवर घेऊन बसतात, आणि दोघी जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोलतात. माझ्या लग्नापासून शाळेच्या गळक्या नळापर्यंत काहीही. बाई आत्याला 'तू' म्हणतात, आत्या बाईंना 'तुम्ही'. वयात फार अंतर नाही, पण मास्तरीणबाईंना एकेरी हाक मारायची आत्याला सवय नाही. आत्याला मूल नाही, बाईंनी लग्न केलं नाही. संध्याकाळची ती वेळ दोघींची होती आणि त्या वेळेला कुणी हात लावायचा नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी वह्या आणि कंपासपेट्यांवरचा कर पाचावरून बारा टक्के झाला. मी आत्याला बजावून सांगितलं, भाव वाढव. तिने सरळ नकार दिला. "लिहिलेला भाव मी खोडत नाही. नवा माल येईल त्यावर नवा लिहीन." जुना माल तिने जुन्याच भावात विकला, आणि वाढलेला कर स्वतःच्या नफ्यातून भरला. मी डोक्याला हात लावला. गल्ली मात्र खूश झाली. बाईंनी तर शाळेतल्या गरजू मुलांसाठी वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिच्याकडून नेले. त्या वर्षी आत्याची मान जरा जास्तच ताठ होती.

आणि मग कराचा दर पुन्हा उतरला. बाराचा पाच झाला. फळ्या नेमक्या तेव्हाच भरलेल्या होत्या, कारण आत्याने शाळा सुरू व्हायच्या आधी माल भरला होता. मी फोन केला, "आत्या, दर बदललेत. भाव बदल." ती "हो हो" म्हणाली. आत्याचं "हो हो" म्हणजे "नाही" हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण मला वाटलं, भाव कमी करायला कोण नाही म्हणेल?

तर आत्या. लिहिलेला भाव ती खोडत नाही ना! वाढताना खोडला नाही, उतरताना कशी खोडेल? तिच्या मते हाच खरा न्याय होता. तिच्या मनात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

पुढचं मला शेजारच्या शिंप्याने सांगितलं, आणि शिंपी काही हातचं राखून सांगणाऱ्यातला नाही. दुकानात गर्दी होती. मुलांचे आईबाप दारापर्यंत उभे होते. बाई स्टुलावर होत्या. कुणीतरी कंपासपेटी घेतली, आत्याने झाकण उघडून आकडा दाखवला, एकशे बारा. आणि बाई एकदम म्हणाल्या, "अजून एकशे बारा? बाजारात सगळीकडे एकशे पाच झालीय."

आत्या म्हणाली, "बाई, माझ्या दुकानात लिहिलेला भाव बदलत नाही. वाढला तेव्हा बदलला का?"

"तेव्हा तू तुझ्या खिशातलं घातलंस. आता गिऱ्हाईकाच्या खिशातलं घेतेयस. सरकारने कर कमी केला आणि तुझा भाव तसाच. मग मधले सात कुठे गेले गं?"

गर्दीतल्या माना आत्याकडे वळल्या.   तिचा पारा चढला. "म्हणजे मी लबाड? या वयात हे ऐकायचं होतं?" बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. "येतेस का जरा?" एवढंच. 'जरा' हा शब्द आत्या कधी वापरत नाही. मी हातातलं काम टाकून गेले.

स्टुलावर तिने पुठ्ठ्याचा एक मोठा खोका ठेवला होता. रिकामं दिसू नये म्हणून. 

"मला नीट समजावून सांग," ती म्हणाली. "ते सात कुठे गेले?"

"तुझ्या गल्ल्यात."

"मी टाकले नाहीत."

"आपोआप पडले. हे बघ, पेटी शंभराची. तुझा नफा त्यातच आला. वरचे बारा तुझे नाहीत, सरकारचे. तू फक्त गिऱ्हाईकाकडून घेऊन पोचवायचे. तू टपालवाली आहेस, आत्या."

"टपालवाली," ती म्हणाली. तिला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

"आता सरकार म्हणतं, पाचच पोचव. तू पाच पोचवतेस आणि घेतेस बारा."

"पण मी माल घेतला तेव्हा बारा टक्के भरलेत ना! ते काय पाण्यात गेले?"

प्रश्न बरोबर होता. भल्याभल्यांना पडतो. "नाही गेले. तू खरेदीवर भरलेला कर तुझ्या नावावर जमा असतो. पुढे भरायच्या करातून तो वजा होतो. त्यात तुझं एका पैशाचं नुकसान नाही."

 तिने कानावरची पेन्सिल काढली आणि ती बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण मी भाव लिहिला त्या दिवशी कर बाराच होता. खोटं कुठे लिहिलं मी?"

खरी गाठ इथे होती. "आत्या, दर मालाला चिकटलेला नसतो. तो विकण्याच्या दिवसाला चिकटलेला असतो. वही तुझ्या फळीवर कधीपासून आहे याच्याशी कराला काही देणंघेणं नाही. ज्या दिवशी ती गिऱ्हाईकाच्या हातात गेली, त्या दिवसाचा दर. तू आज जे लिहितेस ते आजपुरतं खरं. उद्या सरकारने दर बदलला की तुझा आकडा शिळा."

"म्हणजे मागच्या वेळी मी उगाचच सोसलं?"

"उगाच. पण ते तुझं होतं, तू तुझ्या हौसेने दिलंस. हे तुझं नाही."

मला वाटलं आता ती माझ्यावर उखडणार. ती उठली, फळीवरून खोडरबरांचा डबा काढला आणि एक खोडरबर माझ्या हातात ठेवला. "बस खाली."

आम्ही दोघी खाली बसलो. प्रत्येक वही उलटायची, आकडा खोडायचा, नवा लिहायचा. शिंपी मधूनमधून डोकावून जात होता. "काय पेन्सिलबाई, परीक्षा नापास का?" असं एकदा विचारून गेला आणि आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत आला नाही. गंमत म्हणजे खोडूनही आकडा जात नव्हता. आत्या पेन्सिल इतकी दाबून लिहिते की कागदावर चरा उमटतो. वही तिरकी धरली की नव्या आकड्याखाली जुना दिसायचा. मी म्हटलं, वरून चिठ्ठ्या चिकटवू. ती म्हणाली, "नको. दिसू दे. लपवायला लागले तर मग खरीच लबाड."

नुसतं एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. शाळा सुटायच्या वेळेला, दुकान गच्च भरलेलं असताना, ती गल्ल्याजवळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दर उतरल्यापासून ज्यांनी माझ्याकडून वह्या नाहीतर पेट्या घेतल्या, त्यांनी वरचे पैसे परत घेऊन जा. कर कमी झाला होता, मी भाव कमी केला नाही. माझं चुकलं."

माझं चुकलं हे दोन शब्द मी आत्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. माझे वडील तिचे धाकटे भाऊ, त्यांनीही ऐकले नसतील. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी हसलं, कुणी "राहू द्या हो" म्हणालं, आणि बरेच जण दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन घेऊन गेले. आत्या मात्र प्रत्येक वेळी रस्त्यापलीकडे, शाळेच्या फाटकाकडे बघत होती. बाई फाटकातून निघायच्या आणि पलीकडच्या फुटपाथने सरळ चालत जायच्या.

"तू जा ना त्यांच्या घरी," मी म्हटलं.

"मी चारचौघांत बोलले. त्यांच्या कानावर गेलं असेलच. आता यायचं तर त्या येतील." आत्याचा ताठा! पण आवाजात दम नव्हता. तिला रोज जेवण जात नव्हतं, हे मला शिंप्याच्या बायकोने सांगितलं. इतक्या वर्षांत तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही की त्या स्टुलावर तिचं किती अडलेलं होतं, आणि आता खोका ठेवून तीच ते झाकत होती. मला फार वाईट वाटलं.

मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, गल्लीत सामसूम होती, आणि बाई आल्या. मी दुकानामागच्या लहानशा खोलीत आत्याची बिलं लावत बसले होते. पडदा अर्धा उघडा होता. बाईंनी फळीवरून एक वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि दाराच्या उजेडात तिरकी धरली. दोन्ही आकडे वाचले. मग स्टुलावरचा खोका उचलून खाली ठेवला आणि बसल्या.

आत्या म्हणाली, "बाई, एक विचारू? इतक्या वर्षांची ओळख. मला बाजूला घेऊन एकटीला का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर का?"

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. "आले होते गं. एकटीला सांगायला तीनदा आले होते. दुकानात कुणी नव्हतं. तू प्रत्येक वेळी माझ्यासाठी स्टूल पुसलंस, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भाव वाढले तेव्हा तू माझ्या पोरांना जुन्या भावात वह्या दिल्या होत्यास. तुला लबाड कसं म्हणायचं?"

"मग चारचौघांत बरं म्हणवलं?"

"चारचौघांत तू भांडतेस," बाई म्हणाल्या. "ते मला झेपतं. एकटी असलीस की तू रडतेस. ते मला बघवत नाही."

 दुकानात तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं. आत्याने गल्ल्यावरचा खोडरबर उचलला, समोरची वही ओढली आणि मान खाली घालून कोरं पान खोडत बसली.