सदाशिव पेठ ते वाघोली, काखेत शिसवी मुसळ

आमच्या मुक्ताच्या काठीची गोष्ट सांगते. ती 'क्यू' म्हणते, मी काठी म्हणते. पूल नावाचा खेळ असतो, हिरव्या कापडाच्या टेबलावर रंगीत गोळ्या ढकलून भोकात पाडायचा. मुक्ता माझी नात, कॉलेजात आहे, आणि अभ्यास सोडून जे जे करायचं त्यात हुशार आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती टाइप करते. मध्येच 'मुक्ता फार गुणी मुलगी आहे' असं काही वाचायला मिळालं, तर ते माझं नाही समजा.

झालं असं की तिच्या काठीचा मागचा भाग तडकला. पूलची काठी दोन तुकड्यांची असते, मध्ये स्क्रूनं जोडतात. तडा बरोबर जोडापाशीच गेला. पुढच्या महिन्यात शहराच्या संघाची निवड, आणि क्लबातल्या सार्वजनिक काठीनं खेळायचं म्हणजे लग्नात दुसऱ्याच्या चपला घालून फिरायचं. वाघोलीला एक गृहस्थ मापानं काठ्या बनवून देतात असं तिला कळलं. फोनवर ते म्हणाले, "पुढचा भाग देतो, मागच्या भागाला वाळलेलं लाकूड शिल्लक नाही. जुनं, मुरलेलं लाकूड घरात असेल तर आणा."

घरात सगळ्यात जुनं आणि मुरलेलं म्हणजे मी आणि माझ्या सासूबाईंचं मुसळ. मुसळ शिसवी. लग्नाआधी घाणा भरतात, म्हणजे सुवासिनी उखळात हळकुंडं कांडतात, तेव्हा निघायचं. आता हळद पाकिटातून येते, म्हणून मुसळ माळ्यावर. मी ते काढलं, पुसलं, आणि आदल्या दिवशी छान गोडं तेल चोळून ठेवलं. घाण्याआधी दर वेळी करतो तसंच.

सकाळी लवकर निघालो. तुम्हीही लवकरच निघा, नाहीतर नगर रस्त्यावर तुमचं वय वाढेल. डेक्कनहून मेट्रोनं सरळ रामवाडी, बदलायची कटकट नाही. कटकट झाली ती आत शिरताना. तपासणीच्या बाईंनी मुसळ हातात घेऊन वर-खाली पाहिलं.

"आजी, हे काय आहे?"

"मुसळ."

"कशासाठी?"

"कांडायला."

"मेट्रोत?"

"अगं, मेट्रोत कशाला कांडीन? वाघोलीला जाऊन कापायचंय."

मुक्तानं कपाळाला हात लावला. बाईंनी साहेबांना बोलावलं, साहेबांनी मुसळाला हात लावला आणि तेलकट बोटं रुमालाला पुसली. "आमच्याकडेही होतं असं," म्हणाले आणि सोडलं. डब्यात एका तरुणानं मला जागा दिली. मला की मुसळाला, ते नक्की सांगता येणार नाही.

रामवाडीला उतरून बस मिळते, पण उभं राहायची तयारी ठेवा. आम्ही रिक्षा केली. खराडीच्या चौकात ती इतका वेळ थांबली की रिक्षावाल्याला आमच्या तिन्ही पिढ्यांची माहिती झाली. वाघोलीत शिरताच नव्या इमारतीच इमारती. त्यांच्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड, तीच कार्यशाळा. अलीकडच्या टपरीवर मिसळ खाल्ली. तिखट आहे, पण कांदा मागितला तर कुरकुर न करता देतात. पेठेतल्या माणसाला एवढं प्रवासाचं सार्थक पुरतं.

कारागीर वानखडे अमरावतीकडचे. हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होते, ते सोडून हा धंदा काढला. आपण किती सरळ काठी बनवतो हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे पाहुण्याला कौतुकाचे कष्ट पडत नाहीत. शेडच्या आढ्याला दोऱ्यांनी मेपलच्या बारीक दांड्या टांगलेल्या. मेपल म्हणजे परदेशी पांढरट लाकूड, पुढचा भाग त्याचा करतात.

"ह्या अशा फाशी का दिल्यात?" मी विचारलं.

"एकदम तासलं की लाकूड वाकते जी, आजी. थोडं तासायचं, टांगून ठेवायचं. त्याला जिकडं वळायचं तिकडं वळू द्यायचं. मग पुन्हा थोडं तासायचं."

माझ्या मुलाला वाढवताना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. (मुक्ता म्हणते, बाबा हे वाचणार आहेत. वाचू दे.)

मग त्यांनी मुसळ घेतलं. बोटानं टकटक केली, मान हलवली. मुक्ताचा चेहरा उजळला. मग त्यांनी ते नाकाशी नेलं.

"आजी, तेल काऊन लावलं जी?"

"पाहुण्यांकडे जाताना तोंड चोपडून जावं माणसानं."

ते हसले नाहीत. काठी एका लाकडाची नसते, म्हणाले. तुकडे चिकटवून होते, वर लाखेसारखं चकचकीत लेपण चढतं, आणि तेलकट लाकडाला ना चिकटवण धरते ना लेपण. जोड आतून किंचित जरी सुटला, तरी गोळीवर ठोका बसला की काठी माशीसारखी गुणगुणते. तसली काठी घेऊन खेळूच नये.

टोकाचं लोखंडी कडं उपटून त्यांनी मुसळाची एक चकती कापली. काप उजेडात धरून पाहिला. बरोबर मधोमध झाडाचा गाभा, आणि त्यातून केसाएवढी चीर बाहेर निघालेली.

"बाहेरून तेल, आतून चीर. ह्याचं नाही जमत."

"दुसरं काही नाही का, काका?" मुक्तानं विचारलं.

"आहे, पण ओलं आहे. पुढल्या वर्षी देतो."

मुक्ता कापलेली चकती उचलून हातात फिरवत राहिली. दोन वर्षं त्या एका निवडीसाठी रोज क्लबात घासत होती पोर. मीच तेल चोळलं होतं हे तिनं एकदाही काढलं नाही, ते जास्त लागलं.

वानखडे मुसळ फिरवत राहिले. हातानं मापं घेतली. शेवटी म्हणाले, "गाभा पूर्ण पोखरून काढतो. त्या भोकात मेपलची सरळ दांडी बसवतो. बाहेरचं तेलकट सगळं तासून टाकतो. मधली नळी उरते, ती चांगली आहे. पण चीर पुढं वाढत गेली आहे, हातभरच तुकडा निघेल. मुठीत येतो तेवढा भाग शिसवीचा, बाकी मेपल." मग मुसळाच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथं धरून धरून खोलगट झालेलं होतं, सासूबाईंपासूनचं. "ही जागा पहिल्यांदा जाईल, आजी. नंतर मला बोलू नका."

मुक्ता म्हणाली, "आजी, नको. आपण परत नेऊ."

मी तिला म्हटलं, "कशाला? माळ्यावर ठेवायला? तो खळगा तुझ्या पणजीच्या हाताचा, तुझ्या हाताला काय उपयोगाचा? काढा हो."

करवत लागली. लेथ सुरू झाला आणि काळी तेलकट साल वेटोळी होऊन खाली पडली. आत लाकूड जांभूळ खाल्लेल्या जिभेच्या रंगाचं. शेडमध्ये गोडसर वास पसरला आणि त्यात थोडा शेंगदाण्याचाही होता, माझी भर. मग त्यांनी मुक्ताला शेडच्या कोपऱ्यातल्या जुन्या टेबलावर वाकायला लावलं, मागचा हात कुठे येतो तिथे खूण केली, शेडमधलीच एक काठी बोटावर तोलून वजन कुठे हवं ते ठरवलं. हे माप द्यायला स्वतः जावं लागतं, फोनवर होत नाही. खर्च दुकानातल्या साध्या काठीच्या तिप्पट-चौपट धरा. घासाघीस मी केली, उपयोग झाला नाही.

निवडीच्या आठवड्यात दुसरी फेरी. या वेळी मुसळ नसल्यामुळे मेट्रोत कुणी विचारलं नाही. काठी तयार होती. पुढे टोकाला पांढरी टोपी, तिच्यावर चामड्याची टिकली, मागे मुठीत तो जांभळा हातभर भाग. दिसायला सुंदर, पण दिसण्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कोपऱ्यातल्या त्याच जुन्या टेबलाशी गेलो. वानखड्यांनी पंखा बंद केला.

"मार, पोरी. पूर्ण जोरानं."

मुक्तानं टिकलीला निळा खडू घासला, वाकली, मारलं. गोळ्या फाडकन विखुरल्या. आम्ही तिघं गोळ्यांकडे न बघता काठीकडे कान देऊन उभे.

"आवाज आला का?" मी विचारलं.

"पुन्हा मार," वानखडे म्हणाले.

तिनं पुन्हा मारलं. मग पुन्हा. नुसता कोरडा, भरीव ठोका. वानखड्यांनी पंखा लावला आणि म्हणाले, "सांगितलं होतं ना, माझी काठी आहे." तेलाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

येताना एक ताकीद मिळाली, तुम्हालाही देते. काठी उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, भिंतीला तिरकी टेकवू नका, आणि आजीच्या हाती तेलाची वाटी असेल तर तिथे अजिबात ठेवू नका. शेवटची वानखड्यांची नाही, मुक्ताची.

निवडीला मी गेले नाही. टेबलाशी म्हाताऱ्या बसल्या की मुलांचे हात थरथरतात. संध्याकाळी मुक्ता आली, चपला काढल्या, चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय गं?"

"सगळे डाव जिंकले. शेवटचा हरले. शेवटी पाडायची काळी गोळी भोकाच्या तोंडाशी थांबली."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही घेतलं."

मी काठीकडे पाहिलं. "गुणगुणली का गं?"

"नाही. काठी सरळ गेली, आजी. मीच घाई केली."

याआधी हरली की ही पोरगी काठी आधी सोफ्यावर भिरकावायची, तिला चार शिव्या द्यायची आणि मग बोलायची. या वेळी खाली बसली. काठीचे दोन भाग वेगळे केले, मऊ कापडानं टिकलीपासून मुठीपर्यंत पुसले, पिशवीत ठेवले, पिशवीची चेन लावली. ती खोलीत कोपऱ्यात नीट उभी करून आली आणि मग रडायला बसली.

मी वरणाखालचा गॅस बारीक केला आणि तिच्याशेजारी बसले.