चौदा नंबरचा बिल्ला

मी सूडबुद्धीने लिहिते आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मला समजूतदारपणा शिकवायला येणार नाही.

आई अंगणवाडी सेविका. मांडवीच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मोर्चा झाला की उरलेले गठ्ठे आमच्याकडे यायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, आणि बाराखडीनंतर सलग वाचलेला पहिला शब्द 'निषेध' होता असं आई कौतुकाने सांगते. पुढे पत्रकांचे मसुदे मीच लिहू लागले. बाबा कचेरीत कारकून होते. त्यांचा विश्वास पत्रकावर नव्हता, पावतीवर होता.

अशा घराचं आवडतं ठिकाण म्हणजे एक वॉटर पार्कवालं रिसॉर्ट. कॉलेजात मी ही गोष्ट लपवून ठेवायचे. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने वर गेलं की दीड तासावर ते आहे. खऱ्या कोकणात बांधलेलं खोटं कोकण. सिमेंटचा अवाढव्य खेकडा आणि त्याच्या नांगीतून खाली येणारी घसरगुंडी, सिमेंटची कोळीण, सिमेंटची बैलगाडी. दर मे महिन्यात आम्ही तिथे दोन दिवस राहायचो. वर्षभर पोषण आहाराचे तक्ते भरणारी माझी आई तिथल्या लाटांच्या तलावात पंजाबी ड्रेस घालून उतरायची आणि लाट आली की शाळकरी मुलीसारखी किंचाळायची. मला ते ठिकाण आवडायचं ते तिच्या त्या किंचाळण्यासाठी.

आणि तिथे माळीकाका होते. रिसॉर्टच्या आधी ती जमीन त्यांच्या घराची होती. तलावाच्या कडेला एक जुनं रायवळ आंब्याचं झाड होतं, त्यांच्या वडिलांनी कोय पुरून वाढवलेलं. आंबा लहान, पोटाशी तांबूस आणि टोकाला पोपटासारखी चोच. मी सहावीत असताना बाबांनी त्या आंब्याचं फार कौतुक केलं, तर माळीकाकांनी त्याच झाडाची काडी बांधून स्वतः केलेलं एक कलम पिशवीत घालून आमच्या हातात ठेवलं.

"हापूस सोडून रायवळाचं कलम कोण बांधतं?" आईने हसून विचारलं.

"मी बांधतो," ते म्हणाले. "पयला आंबा मला आणून द्या. दात ऱ्हायले तर चावीन, नायतर चोखीन."

बाबांनी ते कलम मांडवीच्या घरामागे लावलं. सुरुवातीची वर्षं झाडाला जोर धरू दे म्हणून ते मोहोर खुडून टाकत. नंतर दोन वर्षं वांदरांनी खाल्ली, एक वर्ष वादळाने नेलं. मग बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि चार वर्षं आमचं रिसॉर्टला जाणंच झालं नाही, झाडावरही आंबा टिकला नाही. गेल्या वर्षी मात्र झाड लगडलं. ज्याच्या हातचं कलम, त्याला पहिलं फळ, हा बाबांचा नियम. त्यांनी आम्हाला एक आंबा चाखू दिला नाही. देवापुढेसुद्धा ठेवला नाही.

"देव थांबेल," ते म्हणाले. "माळीकाकांचं वय झालंय."

म्हणून गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही निघालो. सहल हे निमित्त होतं, पेटी पोचवायची होती. बाबांनी ती स्वतः भरली. खाली पेंढा, वर आंबे आणि मध्ये थर द्यायला आईच्या संघटनेची उरलेली पत्रकं.

फाटकावर नवा गार्ड होता. त्याने आमच्या पिशव्या उपसल्या आणि पेटीवर हात ठेवला.

"बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही."

"आम्हाला खायचं नाहीये. तुमच्या माळीकाकांना द्यायचंय."

"माळी कोण नाय आता. बागेचा ठेका दिलाय. पेटी इथे ठेवा, जाताना न्या."

बाबांनी पावती मागितली. त्याने खोक्यातून प्लास्टिकचा एक बिल्ला काढून दिला. चौदा नंबर. बाबांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपला.

आत गेलो तर तलावाच्या कडेला झाड नव्हतं. त्या जागी सिमेंटचा पिवळाधमक आंबा उभा होता, माणसाच्या उंचीचा, फोटो काढायला. बाबा त्याच्यासमोर किती तरी वेळ नुसते उभे राहिले. एका बाईने त्यांना "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय" म्हटलं, तेव्हा हलले.

आईला तलावात उतरू दिलं नाही. पंजाबी ड्रेस आता चालत नाही, नायलॉनचा पोशाखच हवा. तो अंगाला घट्ट बसलेला बघून ती बदलण्याच्या खोलीतून तशीच परत आली आणि संध्याकाळपर्यंत पाय पाण्यात सोडून काठावर बसली. लाटा आल्या, पण ती ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला गेलो. दारातच एक काउंटर सजवला होता. झेंडूची माळ, वेताची टोपली आणि वर पाटी, 'खास आमच्या बागेतला आंबा'. काही आंबे टोपलीत, बाकीचे चिरून ताटात.

टोपलीतल्या प्रत्येक आंब्याला चोच होती.

बाबांनी खिशातून बिल्ला काढला. तो काउंटरवर ठेवून ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की वाढणाऱ्याला ऐकूच गेलं नाही, "हे माझे आहेत."

मॅनेजर आला. माझ्याच वयाचा, कडक इस्त्रीचा. "सर, स्टाफची मिसअंडरस्टँडिंग झाली असणार. तुम्हाला आमच्यातर्फे मॉकटेल देतो."

"मिसअंडरस्टँडिंग सालासकट चिरून मांडलीत होय?" आई म्हणाली.

तेवढ्यात मला टोपलीत पेंढ्याखालून डोकावणारा कागद दिसला. त्यांनी पेटी जशीच्या तशी टोपलीत ओतली होती. मी कागद ओढून काढला, खुर्चीवर चढले आणि मीच लिहिलेला मथळा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा वाचला. "दुसऱ्याच्या घामावर मिरवणाऱ्यांनो, जाब द्या!" मग पेटी कोणाची, आणली कोणासाठी आणि कापली कोणी, हेही सांगितलं. मॅनेजर "मॅडम, प्लीज, मॅडम" करत खुर्चीभोवती फिरत होता. दोघी-तिघींनी ताटं बाजूला सारली. एक गृहस्थ चोखता चोखता म्हणाले, "पण आंबा गोड आहे हो तुमचा."

मला तेव्हा ते ताट त्यांच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. आजही वाटतं.

बाबा मात्र टेबलाटेबलाशी जात होते. "कोय टाकू नका. मला द्या." जन्मभर कोणापुढे हात न पसरलेला माझा बाप अनोळखी लोकांच्या उष्ट्या ताटांतल्या कोयी गोळा करून रुमालात बांधत होता. ते मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही. एकोणीस कोयी मिळाल्या. टोपलीतले सहा आंबे उरले होते, ते आईने मॅनेजरच्या देखत ओढणीत घेतले. बिल्ला परत खिशात गेला.

भांडी घासणारी एक बाई आमच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. "माळीकाका व्हय? वरच्या वाडीत ऱ्हातात. ह्या भिंतीच्या पल्याड."

माळीकाका पडवीत बसले होते. दात राहिले नव्हते. बाबांनी सहाही आंबे त्यांच्यापुढे ठेवले, एक हातात दिला आणि म्हणाले, "उशीर झाला." म्हाताऱ्याने आधी चोचीवरून अंगठा फिरवला, मग देठाशी वास घेतला. मग डोळे मिटून सबंध आंबा चोखून संपवला. 

"ह्योच," ते म्हणाले. कोय त्यांनी टाकली नाही. मुठीतच ठेवली.

मग मी त्यांना नाश्त्याच्या वेळचं सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील.

"झाड का तोडलानी, ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं. "पानां तलावात पडतात म्हणून. रोज सकाळी जाळी घेवन मीच काढायचो. पाणी साफ करायचा त्यांचा यंत्र दोनदा तुंबला. मग झाड तोडलानी. झाड ग्येला तशी जाळीवाल्याची गरज काय? मलाय काढलानी."

"मी पत्रक काढते," मी म्हणाले. "फाटकावर उभी राहून वाटते."

"काढ की. पन कागद भिजतो गो."

ते काठी टेकत उठले आणि आम्हाला घरामागच्या बांधावर घेऊन गेले. तेवढी पट्टी त्यांच्या नावावर उरली होती. खाली रिसॉर्टची भिंत, तिच्या पलीकडे निळा तलाव, त्यापुढे समुद्र. त्यांनी तोंड डोंगराकडे केलं.

"थंडीत सकाळचा मतलई सुटतो. जमिनीवरनं दर्याकडे, मधी तलाव. मोहोर गळतो तवाच. आनि पाव्हनं पन तवाच येतात." कोय धरलेली मूठ त्यांनी माझ्यासमोर उघडली. "हितं लावा. वळीनं. माजी जमीन, माजा झाड. वाऱ्याला कोन काय करील?"

आई हसायला लागली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने, लाट आल्यासारखी.

मी पत्रकही काढलं आणि वाटलं. फाटकावरून मला दोनदा हाकललं. माळीकाका म्हणाले तसंच झालं, पहिल्याच पावसात पत्रकाचा लगदा झाला. पण रुमालातल्या एकोणीस आणि माळीकाकांच्या मुठीतली एक, अशा वीस कोयी आम्ही पिशव्यांत रुजवल्या आणि बाबांनी त्यांवर आमच्या झाडाच्या काड्या बांधल्या. अकरा कलमं जगली. या जूनमध्ये ती आम्ही बांधावर लावली. खड्ड्यांच्या जागा माळीकाकांनी ठरवल्या, एकेका ठिकाणी काठी आपटत. बाबा म्हणाले, जरा मागे घ्या, भिंतीच्या फार जवळ येतंय. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. मीही ऐकलं नसतं.

निघताना बाबांनी खिशातून चौदा नंबरचा बिल्ला काढला आणि पहिल्या कलमाच्या आधाराच्या काठीला सुतळीने बांधला.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"वस्तू पूर्ण परत मिळालेली नाही," बाबा म्हणाले आणि गाठ ओढून बघितली.