तिच्या वहीवर माझी सही

आमची मुलगी दीड वर्षाची असताना गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी बायको भीमपूरच्या साक्षरता वर्गात लिहायला शिकली आन तिनं एक वही धरली. गेलेल्या पोरीला ती त्यात रोज दोन-चार ओळी लिहायची. पोरीलाच लिहिते एवढं मला ठाऊक होतं. काय लिहिते, ते कधी विचारलं नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, वाचायचा मला कंटाळा.

माझा भाचा आदिलाबादला कॉम्प्युटर शिकवायचा. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. तो आन त्याचे गावोगावचे मित्र मिळून मराठी लिहायचा एक प्रोग्राम करत होते, सगळ्यांना फुकट वाटायचा. जोडाक्षरं फुटतात का हे तपासायला त्याला चार-पाच पानं मजकूर पाहिजे होता. तो मजकूरही प्रोग्रामसोबत फ्लॉपीत सगळीकडं जाणार होता.

"शाळेच्या पुस्तकातला धडा टाक ना," मी म्हटलं.

"नाई जमत, मामा. त्याचा मालक दुसरा. ज्यानं लिवलं त्यानंच कागदावर सही करा लागते, का कोणीबी याची नक्कल करा, बदला, वाटा म्हणून."

"मंग तुह्या मामीची वही ने. लय दिसापासून लिहून राह्यली ते."

"मामी कोठी हाये?"

"माहेरी. आठ रोज येत नाई."

"मंग थांबतो. सही तिचीच लागते."

मी हसलो. "अबे, तिची कायले? रेशनकार्डावर माही, जमिनीच्या पट्ट्यावर माही, तिच्या ऑपरेशनच्या कागदावरबी माहीच होती. तो कागद आन इकडं."

सही ठोकली. मामापुढं तो काय बोलणार? वही घेऊन गेला.

दोनेक महिन्यांनी तो वही परत द्यायला आला, तेव्हा ती घरीच होती. तोवर वही सापडत नाही म्हणून तिनं अख्खं घर पालथं घातलं होतं आन मी काही बोललो नव्हतो. त्यानं सगळं सांगितलं. ती माझ्याकडं वळली.

"यात का लिवलं ते तुमी वाचलं?"

"नाई."

"न वाचताच देऊन टाकलं? बाप्पा! बैल इकत घेताना त्याचे दात तरी पायता तुमी."

भाच्यानं मान खाली घातली. टाइप करताना त्यानं सगळं वाचलं होतं. "मामी, पुढच्या फ्लॉपीतून काढून टाकतो. पण ज्या गेल्या त्या गेल्या. लोकायनं नकला केल्या असतीन. कागदात तसंच लिवलं हाये, वापस मागता येत नाई."

"म्या कोठी लिवून देलं तसं?"

त्यानं कागद पुढं केला. खाली माझी वाकडी सही.

तेव्हा चुकलो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "येवढं का त्यात? कोण वाचते?"

ती वही घेऊन आत गेली. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. भाच्यानं शब्द पाळला, तिची पानं काढून आपल्या हातानं कापूस-सोयाबीनचा काहीबाही मजकूर टाकला, आन तिला सांगायला मुद्दाम गावी आला. ती त्याला म्हणाली, "तुह्यावर राग नाई." मला तसं कधी म्हणाली नाही.

ती जाऊन आता सात महिने झाले. वही मी आत्ता वाचतो आहे. अक्षराखाली बोट धरून वाचतो, एका पानाला सकाळ जाते. भाच्यानं टाइप केलेल्या पानांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यातल्याच एका पानावर तिनं पोरीला लिहिलं आहे, "तुहा बाप गोठ्यात जाऊन रडते. म्या पायलं, हे त्यायले सांगू नको."

कुठल्या कुठल्या परक्या माणसांनी हे माझ्याआधी वाचलं असेल. ती असताना मी वाचलं असतं तर गोठ्यात जायचं काही काम नव्हतं. तिच्याजवळ बसूनच रडलो असतो.