पायांकडे बघून वाजवणारा माणूस

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात घर भाड्यानं घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, शेजार एकदम शांत आहे. खोटं नव्हतं ते. इथला शेजार इतका शांत असतो की माणूस घरात आहे की सुट्टीवर गेलाय, हे त्याच्या कचऱ्याच्या डब्यावरून ओळखावं लागतं. फक्त उजवीकडच्या भिंतीतून रोज संध्याकाळी धप, धप, धप असा आवाज यायचा. आधी मला वाटलं, कुणीतरी दाण्याचा कूट करतंय. मग त्या धपधपीच्या वर एक बारीक, पळत सुटलेलं व्हायोलिन ऐकू आलं.

बार्शीत असतो तर गच्चीवरून ओरडलो असतो. इथे रीतसर बेल वाजवली. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, किंचित वाकलेल्या माणसानं दार उघडलं. घरात असूनही पायांत जड बूट.

"तक्रार आहे?"

"हो. म्हणजे व्हायोलिनची नाही. पायाची."

"व्हायोलिन नाही ते. फिडल."

"फरक काय दोघांत?"

"व्हायोलिन लोक बसून ऐकतात. फिडल वाजताना कुणी बसून राहिलं, तर वाजवणारा नापास. ये आत. तू तो कॉम्प्युटरचा कीबोर्ड बडवणारा ना? मलाही ऐकू येतं भिंतीतून."

हे डंकन रॅट्रे. इथे सगळ्यांना नावानंच हाक मारतात, त्यामुळे तोंडावर मी त्यांना डंकन म्हणायचो. मराठीत मात्र ते डंकनकाकाच, आणि अहो-जाहोतच.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मासेमारीचं एक गाव आहे, तिथले ते. वडील आठवडाभर बोटीवर आणि शनिवारी गावच्या हॉलमध्ये फिडलवर. मिसरूड फुटायच्या आधीच डंकनकाका त्यांच्या शेजारी उभे राहायला लागले. शिकवणी अशी नव्हतीच. वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती : माझ्या बोटांकडे बघू नकोस, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघ. पाय उचलले की गज उचलायचा, पाय पडले की गज दाबायचा. पुढची कित्येक वर्षं डंकनकाका गावोगावच्या हॉलमध्ये वाजवत हिंडले, आणि ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांचे चेहरे त्यांना आठवत नाहीत. बूट आठवतात.

मग एका कंपनीनं त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. बंद खोली, भिंतींना गाद्या, समोर काचेआड एक इंजिनिअर. पहिलीच रील, म्हणजे नाचाची जलद चाल, सुरू झाली आणि इंजिनिअरनं हात वर केला. पायाचा ठोका माइकमध्ये येतोय. त्यानं काकांना बूट काढायला लावले आणि पायाखाली उशी ठेवली.

"उशीवर पाय आपटून बघ एकदा," काका मला म्हणाले. "भिजलेल्या भाकरीवर उभं राहिल्यासारखं वाटतं." भाकरी माझी, ते बहुतेक पाव म्हणाले होते.

वर्तमानपत्रांनी रेकॉर्डची स्तुती केली. किती स्वच्छ वादन, म्हणाले. त्यामुळे कंपनीनं आणखी दोन काढल्या आणि दोन्ही वेळा उशी तयार ठेवली. तिन्ही रेकॉर्ड काकांच्या फडताळात होत्या. मी लावायला सांगितल्या तर म्हणाले, "कव्हरवर मी आहे. आत कोण आहे ते मला माहीत नाही."

पुढे अशाच एका हॉलमध्ये सुट्टीवर आलेली एक डच नर्स नाचायला उतरली. आनेलीस. तिच्यामागे ते इकडे आले, आइंडहोवनच्या एका कारखान्यात लागले. शनिवारी फिडल पाठीला लावून ट्रेननं हार्लेमला जायचे. तिथे स्कॉटिश नाच नाचणाऱ्या हौशी डच मंडळींचा एक क्लब होता. मंडळी म्हातारी झाली, गुडघे गेले, क्लब मिटला. मग काका घरीच वाजवायला लागले. संध्याकाळी आनेलीस ड्यूटीवरून आली की कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात एक फेर धरायची. मूलबाळ नाही. मी राहायला येण्याच्या आधीच ती गेली होती. काका मात्र रोज त्याच वेळेला फिडल काढायचे.

मी अधूनमधून चहाला जायचो. माझ्या चहाला ते सूप म्हणायचे. त्यांच्या चहाला मी काही म्हणायचो नाही, कारण त्याला काही चवच नसायची. कधी कधी आम्ही अर्धा तास काहीच बोलायचो नाही. मी उठलो की ते म्हणायचे, "बरं बोलणं झालं आज."

गेल्या वसंतात त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळायला लागलं. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, हॉस्पिटलला पाठवलं. ऑपरेशननं बोटं सरळ होतील, म्हणाले, पण तारेवर पूर्वीसारखी पळतील असं नाही. तारीख उन्हाळ्यानंतरची मिळाली. नेमका तेव्हाच स्कॉटलंडहून इस्ला नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या वादकांचं संगीत जमवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. तिला काकांचं नवं रेकॉर्डिंग हवं होतं.

काकांनी अट घातली : माझ्या घरात, पायांत बूट, आणि समोर नाचणारी माणसं. नाहीतर नको.

"मरायच्या आधी एकदा तरी मी आत असलेलं काहीतरी मागे राहू दे," ते मला म्हणाले. "पण पाय कुठून आणू? हार्लेमवाल्यांपैकी एकीला नवा खुबा बसवलाय. दुसरा मला ओळखतही नाही."

"मी बघतो," मी म्हणालो.

मराठी माणूस 'मी बघतो' म्हणाला की समोरच्यानं सावध व्हावं. पण हे त्यांना कोण सांगणार?

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. अध्यक्ष श्रीनिवास यांनी बॅनर करायचा का विचारलं. इस्ला माइक घेऊन आली त्या रविवारी प्रत्यक्षात चारजण आले : श्रीनिवास, मृदुलाताई, वैदेही आणि यतीन. मृदुलाताई पैठणीत, हातात चकल्यांचा डबा. मी आत इस्लाला वायरी धरून देत होतो. काका फिडल जुळवून बाहेरच्या खोलीत आले आणि थबकले.

चौघंही लाकडी जमिनीवर मांडी घालून बसले होते. श्रीनिवासांचे डोळे आधीच मिटलेले. पॅसेजमध्ये आठ चपला-बूट ओळीनं लावलेले.

काकांना वाटलं, वाजवायला लागलो की उठतील. त्यांनी रील सुरू केली. श्रीनिवासांनी "वाह!" म्हणून मांडीवर ताल धरला. काका थांबले.

"हे का बसलेत?"

"मैफिलीला बसतात आमच्यात."

"आणि बूट?"

"बाहेर काढले. तुमच्या कलेचा मान म्हणून."

काका इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. "आयुष्यभर लोक माझा मान राखत आलेत, पोरा. घालायला सांग."

"घरात? बूट घालून नाचायचं?" वैदेही म्हणाली. "आईला फोटो पाठवू नका हं कुणी."

"शाळेतलं लेझीम आठवतंय का?" मी विचारलं. "तेच करायचं. लेझमीशिवाय."

आठवलं सगळ्यांना. दोन पावलं पुढे, एक मागे, ठोका. जमीन दणाणली. काकांचा पाय, आमचे पाय, मृदुलाताईंची पैठणी कमरेला खोचलेली. यतीन मधेच फुगडीला हात पुढे करत होता, त्याला कुणी दाद दिली नाही. इस्ला खूश होती. संपल्यावर तिनं काकांच्या कानांवर हेडफोन चढवले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"छान वाजवतोय," हेडफोन काढत ते म्हणाले. "कोण आहे हा?"

कुणाला काही कळलं नाही. मग ते म्हणाले, "आनेलीसचा पाय उशिरा पडायचा. नेहमी. वळण घेतलं की ती मागे राहायची. मग तिथे मी गज जरा धरून ठेवायचो, ती पोचेपर्यंत. लोक म्हणायचे, ही रॅट्रेची खास लकब. लकब कसली? बायकोसाठी थांबायचो." आमच्या बुटांकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही सगळे अगदी वेळेवर आहात."

"आयटीतले ना," मी म्हणालो.

"पुन्हा करू या की," मृदुलाताई म्हणाल्या. "या वेळी आम्ही मुद्दाम उशीर करतो."

केलं. सगळेच उशिरा, पण एकदमच, कवायतीसारखे. काकांनी अर्ध्यावर गज खाली घेतला, प्रत्येकाशी हात मिळवला, चकलीचं कौतुक केलं. मंडळी ओशाळून निघून गेली. बॅनर झाला नव्हता, हे बरंच झालं.

इस्ला वायरी गुंडाळत होती. काका फिडल घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, चहा ठेवतायत. पण ते शेगडी आणि टेबल यांच्या मधल्या रिकाम्या फरशीकडे बघत उभे होते. मग त्यांनी फिडल खांद्याला लावलं. इस्लानं एक माइक उचलला आणि दारातच बसली.

तीच रील होती. बुटाचा ठोका फरशीवर कोरडा वाजत होता, मागे फ्रिज घरघरत होता. वळण आलं आणि गज थांबला. हवेत नाही, तारेवरच, एक सूर ओढून धरून. त्यांची नजर फरशीवर होती. मग कुणीतरी पोचल्यासारखा गज सुटला आणि पुढे पळाला. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. मी त्या जागेकडे बघत होतो. तिथे काहीच नव्हतं. शेवटच्या फेऱ्यात करंगळी तारेवर पोचेना. ते सूर गाळत, पण प्रत्येक वळणाला थांबत शेवटाला आले.

"पुरे," ते फरशीला म्हणाले. "दमली असशील."

फ्रिजची घरघर थांबून सगळं शांत होईपर्यंत इस्लानं माइक खाली ठेवला नाही. मग तिनं हळूच विचारलं, "हेच ठेवायचं?"

काकांनी मान हलवली. "हेच. फक्त ते शेवटचं बोलणं काप. ते लोकांसाठी नव्हतं."